अ‍ॅलिसच्या गोष्टीतले अवघड शब्द

माझी नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, घरात मराठी आणि गल्लीत समोरच्याला जे येईल ते, अशी तिची भाषेची व्यवस्था. बेळगावातल्या बहुतेक घरांत ती तशीच असते, त्यात नवल काही नाही. दसऱ्याच्या सुट्टीत तिच्या हातात एक पातळसे इंग्रजी पुस्तक दिसले. मुखपृष्ठावर निळ्या झग्यातली मुलगी आणि कोटाच्या खिशातून घड्याळ काढून पाहणारा पांढरा ससा. अ‍ॅलिसची गोष्ट! मला राहवले नाही. विचारले,

"गिनीपिगला पोत्यात घातलं, तिथपर्यंत आलीस का?"

"यात गिनीपिग नाहीच आहे आजोबा."

पुस्तक हातात घेऊन पाहिले. शेवटचा खटला होता, राजा-राणी होते, चोरीला गेलेले राणीचे टार्टही होते. पण गिनीपिग खरोखरच नव्हते. मलपृष्ठावर खुलासा होता. पुस्तक लहान मुलांसाठी मर्यादित शब्दसंख्येत उतरवलेले होते आणि अवघड शब्द काढून टाकले होते. आता खटल्यात तसा अवघड शब्द एकच, 'सप्रेस'. तो गेला, आणि मूळ पुस्तकातल्या खटल्यात ज्यांचे सारे काम त्या एका शब्दाचा अर्थ सांगण्याचे, ते दोन बिचारे गिनीपिगही त्याच्याबरोबर गेले.

ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोर्टात साक्ष चालू असताना एक गिनीपिग आनंदाने ओरडतो आणि कोर्टाचे शिपाई त्याला 'सप्रेस' करतात. इथे लेखक गोष्ट थांबवतो. शब्द जरा अवघड आहे, तेव्हा हे कसे केले ते सांगतोच, असे वाचकाला कंसात म्हणतो आणि सांगतो : शिपायांकडे एक मोठी किंतानाची थैली होती, तिच्या तोंडाला नाड्या होत्या, गिनीपिगला डोक्याकडून तिच्यात सरकवले, नाड्या आवळल्या आणि ते वर बसले. अ‍ॅलिसला बरे वाटते. खटल्यांच्या बातम्यांत शेवटी तिने कितीदा वाचलेले असते की, टाळ्या वाजवण्याचा प्रयत्न झाला, पण तो ताबडतोब 'सप्रेस' करण्यात आला. त्याचा अर्थ तिला आज कळतो.

तिच्याबरोबर मलाही तो त्याच पानावर कळला. आमचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. आधी शब्द आणि त्यांचे अर्थ, मग भाषांतराला वाक्ये. त्या पाठमालेचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या यादीतून पाठ केलेला अमुक शब्द मला अमुक दिवशी कळला, असे एकही उदाहरण आज आठवत नाही. 'सप्रेस' मात्र आठवतो. अर्थाचा तपशील थोडा चुकीचाच बसला होता, हेही कबूल करतो. पुढे कितीतरी दिवस हा शब्द वाचला की मला थैली दिसायची.

ही गोष्ट मुळात सांगितली गेली ती एका नावेत. ४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातले गणिताचे अध्यापक चार्ल्स लटविज डॉजसन आणि त्यांचे मित्र रॉबिन्सन डकवर्थ हे लिडेल घराण्यातल्या तीन बहिणींना घेऊन नदीतून गॉडस्टोपर्यंत गेले. लोरिना तेरा वर्षांची, अ‍ॅलिस दहा, ईडिथ आठ. वल्ही मारता मारता डॉजसननी गोष्ट रचली आणि ती लिहून द्या असा मधल्या बहिणीने हट्ट धरला. हाताने लिहून, स्वतः चित्रे काढून त्यांनी ती वही १८६४ च्या नोव्हेंबरात तिला दिली. 'ल्युइस कॅरोल' या टोपणनावाने छापील पुस्तक निघाले ते १८६५ मध्ये, मॅकमिलन कंपनीकडून, जॉन टेनिएल यांच्या बेचाळीस चित्रांसह. पहिल्या छपाईत चित्रे नीट उठली नाहीत म्हणून टेनिएल रुसले आणि दोन हजार प्रतींची ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. अर्थात हा वेगळा विषय.

आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या तीन मुलींचे वडील हेन्री लिडेल हे क्राइस्ट चर्चचे डीन, आणि शिवाय कोशकार. लिडेल आणि रॉबर्ट स्कॉट यांचा ग्रीक-इंग्रजी कोश १८४३ मध्ये निघाला आणि आजही ग्रीक शिकणाऱ्याला त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवाचून गत्यंतर नाही. म्हणजे ज्या मुलीसाठी ही गोष्ट रचली गेली ती डिक्शनरीवाल्याच्या घरातली. मोठमोठे शब्द तिच्या कानावरून रोज जात असणार, आणि त्यांतले कितीतरी न कळताच जात असणार. कॅरोलची अ‍ॅलिस अगदी तशी आहे. सशाच्या बिळातून खाली कोसळताना ती अक्षांश-रेखांशांचे इंग्रजी शब्द म्हणून पाहते. अर्थाचा पत्ता नाही. पण शब्द कसे भारदस्त! पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणाऱ्यांचे इंग्रजी नाव आठवताना ती 'अँटिपथीज' म्हणजे तिटकारा असे काहीतरी बोलून जाते आणि या वेळी ऐकायला कोणी नाही याचा तिला आनंद होतो. कोर्टात 'ज्यूरर्स' हा शब्द तिला येतो, तर तो दोन-तीनदा मनात घोळवून ती स्वतःवरच खूष. पहिला शब्द चवीचा, दुसरा चुकलेला, तिसरा मिरवायचा. मुलांचे शब्दांशी असलेले हे तीन संबंध शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मी कधी वाचले नाहीत, वर्गात मात्र रोज पाहिले.

त्या काळची इंग्रजी बालपुस्तके म्हणजे बहुतांशी उपदेश आणि पाठांतर. अ‍ॅलिस जी पद्ये म्हणायला जाते आणि जी तोंडातून भलतीच बाहेर पडतात, त्यांतली काही आयझॅक वॉट्स वगैरेंच्या बोधपर कवितांची विडंबने आहेत. धड्यांच्या पुस्तकांची थट्टा तर त्याहून उघड. अश्रूंच्या तळ्यातून बाहेर पडलेले सगळे प्राणी भिजलेले असतात, आणि त्यांना वाळवण्यासाठी उंदीर आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत 'कोरडी' गोष्ट सांगू लागतो. ती असते विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्याची. हा मजकूर कॅरोलचा नाही. हॅविलँड चेपमेल यांच्या शालेय इतिहासातून तो उचललेला आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. अर्थात कोणी वाळत नाही.

मग डोडो पक्षी उभा राहून एक लांबलचक ठराव मांडतो, सभा तहकूब करून अधिक कार्यक्षम उपायांचा अवलंब वगैरे. गरुडाचे पिल्लू त्याला सरळ सांगते की, इंग्रजीत बोल; यांतल्या निम्म्या शब्दांचे अर्थ मला ठाऊक नाहीत आणि ते तुलाही ठाऊक असतील असे वाटत नाही. वार्षिक सभांना बसलेल्या माणसाला हे पिल्लू किती जवळचे वाटते! नावेतल्या मंडळींना त्यातला दुसरा विनोदही कळत असणार. डोडो म्हणजे डॉजसन स्वतः, आणि गरुडाचे पिल्लू म्हणजे धाकटी ईडिथ. मास्तरांनी आपल्याच अवघड शब्दांबद्दल आठ वर्षांच्या मुलीकडून स्वतःची हजेरी घेवविली आहे.

छापील पुस्तकात त्यानंतर डोडो 'कॉकस रेस' घेऊया म्हणतो. कॉकस हा राजकारणातला शब्द, पक्षातल्या मंडळींच्या खलबताचा. अ‍ॅलिस विचारते, म्हणजे काय? डोडो म्हणतो की, समजावून सांगण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ती करून पाहणे. मग वेडावाकडा गोल आखला जातो, वाटेल तेव्हा धावायचे, वाटेल तेव्हा थांबायचे, आणि शेवटी सगळेच जिंकतात, सगळ्यांना बक्षीस. राजकारणाची व्याख्या म्हणून हे कोणत्याही कोशाहून उणे नाही.

ही शर्यत आणि ती गिनीपिगची थैली, दोन्ही १८६४ च्या वहीत नाहीत. वहीत डोडो सगळ्यांना जवळच्या एका घरात वाळवायला नेतो, आणि खटला दोन पानांत आटोपतो. पुस्तक छापायचे ठरल्यावर कॅरोलने गोष्ट जवळजवळ दुप्पट वाढवली, त्या वेळी ही दोन्ही ठिकाणे आली. मला यात एक संगती दिसते. वही एका ओळखीच्या मुलीसाठी होती. तिला काही अडले तर ती समोर बसून विचारणार होती. छापील पुस्तक कोणाच्या हातात जाईल याचा नेम नव्हता, आणि त्या मुलाशेजारी अर्थ सांगणारे कोणी असेलच असे नव्हते. अवघड शब्द काढून टाकण्याचा मार्ग कॅरोलला मोकळा होता. त्याने शब्द ठेवले आणि त्यांचा अर्थ करून दाखवणारे प्राणी गोष्टीत आणून सोडले. कॅरोलने कोठे असे लिहून ठेवलेले नाही. हा माझा तर्क आहे, पण वही आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो सहज पटेल.

अगदी चिमुकल्यांसाठी त्याने पुढे वेगळे पुस्तक केलेही. १८९० चे 'द नर्सरी अ‍ॅलिस', पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी, टेनिएलची वीस चित्रे मोठी आणि रंगीत करून. भाषा सोपी, वाक्ये लहान. पण तिथेही खोड गेली नाही. भेदरलेल्या सशाच्या चित्रापाशी तो मुलांना सांगतो, पुस्तक जरा इकडून तिकडे हलवा म्हणजे ससा थरथरताना दिसेल. 'थरथरणे' हे क्रियापद इतक्या स्वस्तात कोणी शिकवले असेल असे वाटत नाही.

१८७१ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या भागात, आरशापलीकडच्या गोष्टीत, तर तो सरळ नसलेलेच शब्द घेऊन येतो. 'जॅबरवॉकी' या कवितेतले कितीतरी शब्द कोणत्याही कोशात नव्हते. भिंतीवर बसलेला हम्प्टी डम्प्टी त्यांचे अर्थ लावून देतो आणि दोन शब्द एकात दुमडण्याच्या युक्तीला प्रवासी बॅगेचे, 'पोर्टमँटो'चे नाव देतो. त्यातला 'चॉर्टल' हा शब्द पुढे रीतसर इंग्रजी कोशात जाऊन बसला. गंमत अशी की, १८७२ मध्ये या कवितेचे जर्मन भाषांतर केले ते रॉबर्ट स्कॉट यांनी. लिडेल यांच्या कोशातले जोडीदार ते हेच! एका कोशकाराच्या मुलीसाठी सुरू झालेला हा शब्दांचा खेळ दुसऱ्या कोशकाराने असा पुढे नेला.

मग आमच्या नातीच्या पुस्तकातून गिनीपिग गेले कसे? त्याची सुरुवात साठ वर्षांनी झाली, आणि त्यातला एक धागा आपल्या देशातून जातो. १९२१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांची यादी छापली. पुस्तकांतले शब्द मोजून, कोणता किती वेळा येतो ते पाहून केलेली. इकडे अविभक्त बंगालमध्ये मायकेल वेस्ट हे इंग्रज गृहस्थ शिक्षण खात्यात होते. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. दुभाषिकतेवर, खास बंगालच्या संदर्भात, त्यांनी १९२६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत राहणाऱ्यांनी तो चाळायला हरकत नाही.

वेस्टना एक गोष्ट दिसली होती. बंगाली मुलगा चार-पाच वर्षे इंग्रजी शिकतो, मग शाळा सुटते, आणि हातात काहीच उरत नाही. विम्याची पॉलिसी मध्येच सोडली तरी काही रक्कम पदरात पडते. तशी काही 'सरेंडर व्हॅल्यू' भाषेच्या शिक्षणाला असावी, असे त्यांचे म्हणणे. म्हणून आधी वाचन; आणि वाचनाच्या पुस्तकांत विरळ, जुनाट शब्द टाळायचे, नवे शब्द थोडे आणि अंतराअंतराने घालायचे, आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटवायचा. त्यांच्या 'न्यू मेथड' वाचनमाला यातून निघाल्या. १९३५ च्या त्यांच्या कोशात सुमारे चोवीस हजार नोंदी फक्त १,४९० शब्दांत समजावल्या आहेत आणि १९५३ ची त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आजही भाषाशिक्षक जाणतात.

या माणसाला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. न कळणाऱ्या शब्दांच्या दलदलीत रुतलेली मुले मी स्वतः शिकवली आहेत. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली दाखवले की, कोणाच्या मदतीवाचून गोष्ट समजून घ्यायची तर मजकुरातले शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. वेस्ट यांचा अंदाज बराचसा बरोबर होता. पण त्यांची यादी ही शिडी होती. पुढे गोष्टींची पुस्तके यादीच्या मापाने कापणे हाच एक धंदा झाला. डॉ. स्यूस यांनी १९५७ च्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये केवळ २३६ वेगवेगळ्या शब्दांत धमाल उडवून दिली हे खरे, पण ती गोष्ट यादीतच जन्मली होती. दुसऱ्याची गोष्ट यादीत कोंबणे हे वेगळे काम. अनोळखी शब्द दिसला की कात्री. तो शब्द गोष्टीत कशाला आला होता, त्याच्या पायाशी कोणी बसले होते का, हे कात्री पाहत नाही.

अ‍ॅलिस मराठीत आली ती 'जाई' होऊन. देवदत्त नारायण टिळकांनी तिला 'जाईची नवलकहाणी' म्हणून आणले. मराठीचे नाव निघाले म्हणून माझीच एक गोष्ट सांगायला हवी. नातीच्या पुस्तकावर चार दिवस मी मनातल्या मनात चडफडत होतो, आणि पाचव्या दिवशी रात्री तिला मराठी गोष्ट वाचून दाखवताना माझे माझ्याच लक्षात आले. पुस्तकात होते 'हिरमुसली'. मी वाचले 'सॅड झाली'. 'उंबरठ्यावर' होते; मी 'दारात' केले. 'कणगी'चा 'डबा' झाला. 'चाहूल लागली' याचे 'आवाज आला'. किती दिवस हे चालले होते देव जाणे! मराठी तिच्या शाळेत नाही, तिला जड जाऊ नये, म्हणून प्रेमापोटी मी रोज रात्री कात्री चालवत होतो. कणगीचा डबा करताना त्या प्रकाशकाइतकीही शरम मला वाटली नव्हती. त्याने निदान मलपृष्ठावर छापले तरी होते.

दुसऱ्या रात्री सगळे शब्द जसेच्या तसे वाचले. पहिला परिणाम असा झाला की, ती झोपली. पानात दहा अनोळखी शब्द आले की हू-नेशन यांचा हिशेब आमच्या घरातही लागू पडतो. मग बेत बदलला. गोष्टीमागे दोन-तीनच शब्द ठेवायचे. 'चाहूल' आली तेव्हा मी पुस्तक मिटले, खोलीबाहेर गेलो, दार लोटून घेतले आणि पडवीतून चपला घासत परत आलो. तिला विचारले, "मी येतोय हे तुला दार उघडायच्या आधी कसं कळलं?" ती म्हणाली, "कळलं." मी म्हटले, "तीच चाहूल." त्यानंतर आठवडाभर घरात कोणी बाथरूमकडे गेले तरी हिला चाहूल लागत होती. 'उंबरठ्या'ला मात्र पंचाईत झाली, कारण आमच्या नव्या फ्लॅटला उंबरठाच नाही. त्यासाठी तिला गावातल्या जुन्या घरी न्यावे लागले. 'कणगी' तिथेही राहिलेली नव्हती. ती चित्र काढून दाखवली आणि चित्र इतके वाईट आले की, तिला ते मोठ्या पेढ्यासारखे वाटले.

मधल्या काळात मूळ अ‍ॅलिसही थोडी थोडी वाचून झाली, खटल्यापर्यंत. थैलीच्या पानावर ती खूप हसली, मग म्हणाली की, गिनीपिगला श्वास कसा घेता आला असेल? हा प्रश्न मला साठ वर्षांत सुचला नव्हता.

नोव्हेंबर उजाडला. १ नोव्हेंबरनंतरच्या दिवसांत आमच्याकडची मराठी वर्तमानपत्रे कशी असतात ते सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. सकाळी चहा घेत होतो. ती शेजारी बसून माझ्या हातातल्या पेपरचे मागचे पान वाचायचा खटाटोप करीत होती, अक्षराला अक्षर लावून. मथळ्यातल्या एका लांब शब्दावर अडली.

"मु... स्क... ट... दाबी. आजोबा, मुस्कटदाबी म्हणजे काय?"

मी चष्मा काढला. काय सांगावे, कुठून सुरुवात करावी, १९५६ पासून की त्याआधीपासून, याचा विचार करू लागलो. तेवढ्यात तिनेच विचारले,

"म्हणजे त्या गिनीपिगला केलं तसं?"